बगळ्यावरचा आरोप

फिलिपीन्सच्या द्वीपसमूहात लुझॉन हे सर्वांत मोठे बेट. त्याच्या वायव्य अंगाला, पश्चिमेस दक्षिण चिनी समुद्र आणि पूर्वेस कॉर्डिलेरा पर्वताच्या रांगा यांच्या दरम्यान, इलोकोस नावाचा एक चिंचोळा मुलूख दक्षिणोत्तर पसरलेला आहे. पर्वतावरून वेगाने उतरलेल्या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी येथे मंदावतात, त्यांच्या मुखांशी उथळ खाजणे तयार होतात, आणि या खाजणांत, ओढ्यांत व पाणी साचलेल्या भातखाचरांत बोटाएवढ्या मासळीचा सुकाळ असतो. ही मासळी तेथील गरिबाचे नित्याचे अन्न होय. आणि तिच्यातील काही जाती चुलीवर न चढविता, डोके, शेपटी व आतडी यांसकट, कच्च्याच खाण्याचा त्या भागात पूर्वापार प्रघात आहे. याच मासळीवर निर्वाह करणारा दुसरा वर्ग बगळ्यांचा. त्यांतील काही तेथलेच कायमचे रहिवासी, तर काही उत्तर आशियात थंडी पडू लागली की समुद्र ओलांडून येणारे हंगामी पाहुणे. माणूस आणि बगळा हे दोघे एकाच पाण्यात एकाच भक्ष्यासाठी शतकानुशतके उतरत आले असतील. परंतु या सहभोजनाच्या पोटी जन्मलेल्या रोगाची नोंद वैद्यकाच्या दप्तरात व्हावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

१९६३ साली उत्तर लुझॉनमधील एक रुग्ण मनिला येथील फिलिपीन जनरल हॉस्पिटलात दाखल झाला. न थांबणारे जुलाब आणि खंगत चाललेली काया ही त्याची लक्षणे. कोणत्याही उपचारास दाद न देता तो दगावला, आणि शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यांना त्याच्या आतड्यात केसाहूनही बारीक अशा कृमींचा प्रचंड जमाव आढळला. कॅपिलॅरिया या गणातील कृमी शास्त्रास अपरिचित नव्हते. उंदरांच्या यकृतात आणि कोंबड्यांच्या अन्नमार्गात राहणाऱ्या त्यांच्या जाती पूर्वीच ज्ञात होत्या. पण माणसाच्या आतड्यात ठाण मांडणारी ही जात कोणी पाहिलेली नव्हती. मे बेल चिटवूड, कार्मेन वेलास्केझ आणि नेलिया सालाझार या तीन विदुषींनी तिची पहिली वार्ता १९६४ साली दिली आणि १९६८ साली तिचे रीतसर वर्णन करून 'कॅपिलॅरिया फिलिपिनेन्सिस' या नावाने तिची प्राणिशास्त्रात स्थापना केली. या कृमीची लांबी सामान्यतः दोन ते पाच मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. मादी मोठी, नर लहान.

एका रुग्णावरून रोग सिद्ध होत नाही, आणि एरवी हा प्रकार वैद्यकीय विलक्षणांच्या संग्रहात जमा होऊन पडला असता. परंतु १९६७ साली इलोकोस सुर प्रांतातील तागुदिन या तालुकावजा नगराच्या हद्दीत, पुदोक नावाच्या गावी, लोक जुलाबाने खंगून मरू लागल्याच्या वार्ता येऊ लागल्या. साथ आजूबाजूच्या गावांत पसरली. आणि तिचा भर ओसरेपर्यंत तेराशेहून अधिक माणसे आजारी पडून त्यांतील सुमारे नव्वद मृत्युमुखी पडली होती. रोगाचा क्रम ठरावीक असे. प्रथम पोटात गुडगुड सुरू होई, इतकी की शेजारी बसलेल्यासही ती ऐकू यावी. मग पोटदुखी आणि पाण्यासारखे जुलाब. मग आठवड्यांमागून आठवडे अन्न अंगी न लागता शरीरातील प्रथिने आणि क्षार आतड्यावाटे झिरपून जात. हातापायांच्या काड्या झालेल्या माणसाच्या पावलांवर सूज चढे आणि अखेरीस क्षारांच्या ऱ्हासाने हृदय थकून तो जाई. एका शवचिकित्सेत आतड्यातील एक लिटर द्रवात दोन लाख कृमी निघाले, असा दाखला आहे.

येथेच जाणकारांच्या मनात पहिली शंका उभी राहिली. दोन लाख कृमी पोटात जमण्यासाठी माणसाने त्यांची किती बीजे गिळली असतील? आतड्यातील कृमींच्या बाबतीत सामान्य नियम असा की, जितकी बीजे पोटात जातील तितकेच कृमी वाढतात, अधिक नाही. जंताची मादी दिवसाकाठी लक्षावधी अंडी घालते खरी, पण ती अंडी शरीराबाहेर पडून मातीत काही आठवडे पक्व झाल्याशिवाय त्यांतून नवा जंत निपजत नाही. आणि म्हणून रोग्याच्या पोटातील जंतांची संख्या त्याने गिळलेल्या अंड्यांच्या संख्येपलीकडे जाऊ शकत नाही. निसर्गाने कृमी आणि त्याचा आश्रयदाता यांच्यात जणू हा एक करार करून ठेवला आहे, कारण आश्रयदाता मेला तर आश्रितही मरतो. इलोकोसच्या कृमीने हा करार मोडला होता. मासळीतून गेलेले डिंभ, म्हणजे त्याची बाल्यावस्था, आतड्यात दहा-अकरा दिवसांत प्रौढ होतात. परंतु या पहिल्या पिढीतील माद्या अंडी न घालता जिवंत डिंभच प्रसवतात. हे डिंभ बाहेर न जाता त्याच आतड्यात वाढून दुसरी पिढी तयार करतात, आणि मग तिच्या माद्या अंडी घालू लागतात. तथापि काही माद्यांचे डिंभ प्रसवणे पुढेही चालूच राहते, आणि सावकाराच्या चक्रवाढ व्याजाप्रमाणे, मूळ रक्कम क्षुल्लक असली तरी देणे मात्र वाढत वाढत ऋणकोच्या प्राणावर येते. एकदाच, थोडीशीच कच्ची मासळी खाल्लेला माणूसही यामुळे मरणाच्या दारी पोहोचू शकतो, आणि या रोगाची सारी भीषणता या एका गोष्टीत साठविलेली आहे.

मासळीतून रोग येतो हेही प्रथम कोणास ठाऊक नव्हते. तैपेई येथे ठाणे असलेल्या अमेरिकी आरमाराच्या वैद्यकीय संशोधन पथकातील जॉन क्रॉस आणि त्यांचे फिलिपिनो सहकारी यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने हा शोध चालविला. रोग्यांच्या मळातील अंडी पाण्यात ठेवली असता पाच ते दहा दिवसांत त्यांत गर्भ तयार होतो. ती माशांना चारली की त्यांच्या आतड्यात फुटतात. आणि सुमारे तीन आठवड्यांत तेथील डिंभ संसर्गक्षम बनतात, एवढे प्रयोगाने ठरले. असे मासे माकडांना आणि मंगोलियातील वाळवंटी उंदरांना खाऊ घालताच त्यांच्या आतड्यांत प्रौढ कृमी तयार झाले. माकडे कृमी बाळगूनही ठणठणीत राहिली. उंदीर मात्र माणसासारखेच खंगून मेले. या प्रयोगांतून एक महत्त्वाचा धागा हाती आला. डिंभ माशाच्या मांसात नसून आतड्यात असतात, तेव्हा मोठा मासा चिरून, आतडी काढून, शिजवून खाणारा माणूस या रोगापासून दुहेरी सुरक्षित, तर बोटाएवढा मासा सबंध आणि कच्चा खाणारा दुहेरी धोक्यात. पुदोकचा प्रघात नेमका या दुसऱ्या कोटीतला होता.

पण हा कृमी इलोकोसच्या पाण्यात मुळात आला कोठून? तो माणसाचाच जुना सोबती असता, तर त्याने आश्रयदात्याचा जीव घेण्याइतका अविचार केला नसता, असा तर्क परजीविशास्त्रज्ञ करतात. कारण दीर्घ सहवासाने परजीवी आणि आश्रयदाता एकमेकांना सोसावयास शिकतात, आणि जेथे आश्रित आश्रयदात्याला झपाट्याने मारतो तेथे तो बहुधा चुकीच्या घरात शिरलेला असतो. तेव्हा त्याचे खरे घर मासे खाणाऱ्या अन्य कोणा प्राण्याच्या पोटात असले पाहिजे, आणि ज्या प्राण्याला सबंध आणि कच्च्या मासळीवाचून दुसरा आहारच नाही, त्याच्याकडे, म्हणजे पाणपक्ष्यांकडे, संशयाची सुई वळणे क्रमप्राप्त होते.

पक्ष्यांवर असा संशय घेण्याची शास्त्राची ही पहिली वेळ नव्हती, आणि त्या पूर्वेतिहासात मुंबई-पुण्याचाही भाग आहे. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तापाने ग्रासले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला या रोगाचा विषाणू सैबेरियातील ओम्स्क ज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला, तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तो आणला असावा, असा तर्क पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेण्याचे जे मोठे काम हाती घेतले, त्यामागे ही चिंता होती. पूर्व आशियात १९६३ पासून एलियट मॅक्क्लुअर यांनी अमेरिकी लष्कराच्या पैशावर असाच उपक्रम चालवून दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी चढविली. या खटाटोपातून पक्ष्यांच्या मार्गांविषयी अमोल माहिती मिळाली. परंतु क्यासनूरचा विषाणू पक्ष्यांनी आणल्याचे सिद्ध झाले नाही. तो स्थानिक गोचिडांत आणि अरण्यातील लहान प्राण्यांत नांदत असल्याचे आढळले, आणि हाच माकडताप पुढे सिंधुदुर्गात व गोव्याच्या सत्तरीतही अवतरला. तात्पर्य, पक्षी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो एवढे पायातले कडे सांगते. त्याच्याबरोबर रोग जातो की नाही, ते सांगत नाही. संशय आणि सिद्धता यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवून बगळ्यावरचा आरोप तपासला पाहिजे.

या आरोपाच्या पुष्टीसाठी पुढे आलेला पुरावा तीन प्रकारचा आहे. पहिला प्रयोगशाळेतला. थायलंडमध्ये चिनी वंचक आणि पांढऱ्या छातीची पाणकोंबडी यांना, आणि क्रॉस यांच्या पथकाच्या प्रयोगांत गायबगळा, रातबगळा आणि बोरूच्या बेटात मान ताठ करून निश्चल उभी राहणारी छोटी पिवळी बगळी यांना डिंभयुक्त मासे खाऊ घातले असता, त्यांच्या आतड्यांत कृमी वाढले व त्यांनी अंडी घातली. यावरून पक्ष्याचे आतडे या कृमीला मानवते हे निर्विवाद ठरते; परंतु पिंजऱ्यात घडते ते रानात घडतेच असे नाही, आणि माकडाच्या आतड्यातही तो वाढतोच, हेही विसरता येत नाही. दुसरा पुरावा रानातला. शेकडो पक्षी तपासूनही निसर्गतः बाधित असे पिवळ्या बगळीचे तुरळक उदाहरणच काय ते हाती लागले. हा पुरावा थेट आहे, पण परिमाणाने अगदी तोकडा. तिसरा पुरावा नकाशाचा. रोग फिलिपीन्सनंतर १९७३ साली थायलंडमध्ये आढळला. मग जपान, तैवान आणि इराण येथून, आणि १९८९ साली ईजिप्तमधून त्याचे वृत्त आले. हे देश भाषेने, धर्माने आणि आहाराने एकमेकांहून अगदी भिन्न. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे पाणपक्ष्यांचे ऋतुमानाप्रमाणे चालणारे मार्ग.

नकाशाचा पुरावा मोहक असतो, आणि म्हणूनच तो सावधपणे वापरावा लागतो. कारण या देशांना जोडणारा दुसराही एक प्राणी आहे, तो म्हणजे मनुष्य. मजूर, व्यापारी आणि प्रवासी पक्ष्यांहूनही दूर व अधिक नियमितपणे हिंडतात, आणि त्यांच्या पोटातील अंडीही वाटेतल्या पाण्यात पडतात. तरीही क्रॉस यांनी १९९२ साली आपल्या समग्र आढाव्यात या रोगाचा संबंध स्थलांतर करणाऱ्या मत्स्यभक्षी पक्ष्यांशी जोडला आणि असे भाकीत केले की, त्यांच्या मार्गांवरील ज्या ज्या देशांत कच्ची मासळी खाण्याची सवय आहे, तेथे तो पुढे आढळेल. दोनच वर्षांनी, १९९४ साली, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील वैद्यांनी भारतातील पहिला रुग्ण नोंदविला. त्याच सुमारास कोरियातून आणि पुढे लाओसमधून वृत्ते आली. भाकीत खरे ठरणे हा सिद्धान्ताच्या बाजूचा मोठा आधार होय, आणि आज बहुतेक जाणकार बगळ्यांच्या कुळाला या कृमीचे स्वाभाविक घर मानतात. पण या निर्णयाचे वजन एखाद्या एकाच साक्षीवर नसून, एकेकटे अपुरे असलेले तीन पुरावे एकाच दिशेने बोट दाखवितात यावर आहे, हे सुज्ञ वाचकाने जाणले पाहिजे.

आतड्यातील परजीवींचे वाहक म्हणून सर्व पाणपक्षी एकाच मापाने मोजता येत नाहीत, हा भेदही येथे स्पष्ट करावयास हवा. काही पक्षी परजीवीचे खरे आश्रयदाते असतात, म्हणजे त्यांच्या पोटात तो वाढतो आणि प्रजा निर्माण करतो. उत्तरेकडील सरोवरांवरचे कुरव पक्षी माशांतून येणाऱ्या एका पटकृमीला असेच पोसतात, आणि तो मासा अर्धाकच्चा खाणाऱ्या माणसातही हा पटकृमी उतरतो. दुसरे पक्षी केवळ हमाल. अमेरिकेतील कॅनडा हंसांवरील प्रयोगांत असे दिसून आले की, जुलाब उत्पन्न करणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीची सूक्ष्म पुटी हंसाच्या अन्नमार्गातून अबाधित बाहेर पडतात आणि नंतरही संसर्गक्षम राहतात; हंसाला स्वतःला त्याची बाधा नसते, आणि त्याने ती कोठून तरी माणसाच्या किंवा गुरांच्या घाणीतूनच उचललेली असतात. येथे पक्ष्यावर आरोप करणे म्हणजे आपलीच घाण आपल्याला परत मिळाली म्हणून टपालवाल्याशी भांडणे होय. आणि तिसऱ्या वर्गातील असंख्य पक्ष्यांचा अशा रोगांशी काहीच संबंध नसतो. उजनीच्या पाणलोटावर आणि ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी चिखलातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. मासळीतले जे डिंभ बगळ्याच्या पोटात जातात, ते रोहिताच्या चोचीत येतच नाहीत. नांदूर मधमेश्वरचे कित्येक बदकप्रकार मुख्यतः वनस्पती आणि कीटकांवर राहतात. तेव्हा पक्षी दिसला की रोग आला अशी सरसकट भीती बाळगणे अज्ञानाचे लक्षण आहे. प्रश्न नेहमी असा विचारावा लागतो की, तो पक्षी काय खातो, त्याची विष्ठा कोणत्या पाण्यात पडते, आणि त्या पाण्यातले काय आपल्या ताटात येते.

या प्रश्नाच्या अखेरच्या भागातच साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. एखादा पक्षी सागरापलीकडून कृमीची चार अंडी घेऊन येतो, असे मान्य केले तरी त्यातून साथ उद्भवत नाही. साथीसाठी त्या पाण्यातला मासा कच्चा खाणारा माणूस लागतो, आणि त्यानंतर त्या माणसाचा मळ पुन्हा त्याच पाण्यात जाण्याची सोय लागते. पुदोकच्या परिसरात शौचकूप नसल्याने ही सोय आयतीच होती. एका रोग्याच्या आतड्यातील लक्षावधी कृमींची अंडी नदीत व खाजणात जात. ती अंडी मासळी गिळी. तीच मासळी शेजारी खाई. एकदा ही साखळी जुळली की पक्ष्याचे काम संपले. पुढचा सर्व व्यवहार माणसे आणि मासे यांच्यातच चालू शकतो. म्हणूनच साथ ओसरली ती बगळे येण्याचे थांबले म्हणून नव्हे. रोग्यांना शोधून औषधे दिली गेली, त्यांच्या शरीरातील क्षार भरून काढले गेले, आणि लोकांना शौचाची व मासळी शिजविण्याची शिकवण दिली गेली. पक्ष्यांचे येणे-जाणे मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

उपचारातही हा कृमी चकवा देतो. सुरुवातीस औषध थोडे दिवस दिले जाई, रोगी बरा वाटे, आणि आतड्याच्या आवरणात दडलेल्या डिंभांतून नवी पिढी उठून रोग उलटे. त्यामुळे मेबेंडाझोलचा उपचार वीस दिवस आणि अल्बेंडाझोलचा दहा दिवस चालविण्याची रीत पडली. साध्या जंतासाठी एका मात्रेत काम भागते, येथे ते भागत नाही. निदानही तितकेच बेसावधपणाला भोवणारे आहे. मळाच्या तपासणीत दिसणारी याची अंडी भुईमुगाच्या शेंगेसारखी असून त्यांची दोन्ही टोके चपटी असतात, आणि चाबूककृमी या अतिशय सामान्य व बहुधा सौम्य अशा परजीवीच्या अंड्यांशी त्यांची सहज गल्लत होते. १९९८ साली मिंडानाओ बेटावरील मोनकायो या भागात हा रोग पुन्हा उसळला तेव्हाही, पुदोकची साथ होऊन तीन दशके लोटल्यावर, तो ओळखला जाण्यापूर्वी अनाकलनीय रोग म्हणून त्याचा बोभाटा झाला होता.

आपल्याकडे मासळी कालवणात उकळून किंवा तव्यावर खरपूस भाजून खाण्याची रीत कोकणापासून गोव्यापर्यंत इतकी रुजलेली आहे की, या कृमीला घरात शिरण्यास जागा राहत नाही. उकळत्या आमटीत त्याचे डिंभ टिकत नाहीत. परंतु नव्या काळात आहार देशांच्या सरहद्दी ओलांडू लागला आहे, आणि लिंबू पिळलेली वा खारवलेली कच्ची मासळी चवीची म्हणून शहरांतील भोजनगृहांत मिळू लागली आहे. आम्लाने मांसाचा रंग बदलतो, पण परजीवीचा बंदोबस्त होतोच असे नाही. ते काम अग्नीचे, किंवा पुरेशा काळच्या कडक गोठवणीचे. म्हणून महिनाभर न थांबणारा जुलाब, पोटातली गुडगुड आणि पायांवरची सूज घेऊन रुग्ण समोर आला, तर आपल्या वैद्यांनी त्याला कच्ची मासळी कोठे आणि केव्हा खाल्ली हे विचारावे, आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याने चाबूककृमी असे लिहिण्यापूर्वी अंड्याच्या टोकांकडे पुन्हा एकदा पाहावे.

बगळ्यावरचा आरोप अशा रीतीने अंशतः सिद्ध होतो. बगळा बीज आणू शकतो. शेत मात्र माणसाने नांगरलेले असते. पक्षी मारून किंवा पाणथळी आटवून हा रोग हटविण्याची कल्पना जितकी क्रूर तितकीच निरर्थक आहे, कारण पाणी, मासा, माणूस आणि पक्षी या साखळीत पक्षी हा एकच दुवा असा आहे की ज्यावर कोणत्याही सरकारचा हुकूम चालत नाही, आणि शौचकूप व चूल यांची व्यवस्था नीट असेल तर तो चालविण्याची गरजही पडत नाही.